फटाके बंद करा असं मी म्हटलेलंच नाही ('ठाणेकर' यांच्या प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार दादा, फटाक्यांबद्दल मी जे लिहिलं त्यावरची तुमची प्रतिक्रिया नीट वाचली. राग आलाय हे कळलं, पण तुम्ही मनापासून लिहिलंत म्हणून मलाही सविस्तर लिहावंसं वाटलं. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की दिवाळी आली की माझ्यासारखे लोक फटाक्यांवर लिहितात आणि थर्टी फर्स्टला गप्प बसतात, तुमच्या लहानपणी ठाण्यात नौपाड्यात पहाटे चारला सुतळी बॉम्ब लागायचे तेव्हा कुणाला त्रास झाला नाही, आणि आता पोरांनी फुलबाजीसुद्धा लावायची नाही का.

थर्टी फर्स्टचं आधी सांगते. सुप्रीम कोर्टाच्या २०१८च्या आदेशात दिवाळीला रात्री ८ ते १० आणि ख्रिसमस, न्यू इयरला ११.५५ ते १२.३० एवढीच वेळ दिली होती, म्हणजे तिथे तर पाऊण तासही नाही. आपल्या येऊरच्या डोंगराच्या पायथ्याशी जंगलाला लागून कुणी डिसेंबरात बार उडवले तरी मी हेच बोलणार.

पण 'कुणाला त्रास झाला नाही' हे मला पटत नाही. ज्यांना झाला त्यांनी सांगितलं नसेल. कसं असतं ना, वात पेटवणाऱ्याला आवाज कधी होणार ते माहीत असतं, तो मागे पळतो, कानावर हात ठेवतो, म्हणून तर त्याला मजा येते. चौथ्या मजल्यावर आत्ताच कुठे झोपलेलं बाळ, बायपास झालेले आजोबा, नाइट ड्युटी करून आलेली नर्स, यांच्यावर तोच आवाज अचानक येऊन आदळतो. माझा सगळा मुद्दा एवढाच आहे, की आवाज येणार हे त्यांनाही आधी कळू दे. सोसायटीच्या ग्रुपवर आदल्या दिवशी मेसेज टाका, उद्या साडेआठ ते साडेनऊ, मागच्या मोकळ्या जागेत, आणि मग ती वेळ सगळ्यांनी पाळा. ज्यांच्याकडे कुत्रा आहे ते त्याला आधीच फिरवून आणतील, खिडक्या लावून टीव्ही चालू ठेवतील, गळ्यातल्या पट्ट्यावर फोन नंबर आहे ना ते बघतील, कारण घाबरलेला कुत्रा गेटबाहेर सुटला की कुठल्या कुठे जातो. आणि खरं सांगू का, सगळी पोरं एका वेळी एका जागी जमली की मजाही जास्त येते, शिवाय मोठ्यांचं लक्ष राहतं.

तुमच्या लहानपणीचं नौपाडा म्हणजे वाडे, बैठी घरं, फार तर दोन मजली चाळी. आता घोडबंदर रोडला समोरासमोर टॉवर, आवाज भिंतींवर आपटून परत येतो आणि रॉकेट कुणाच्या गॅलरीत वाळत घातलेल्या कपड्यांत शिरेल याचा नेम नाही. टॉवरच्या कॉम्प्लेक्समध्ये रॉकेट नकोच, यावर मी ठाम आहे. आणि गल्लीत दोन्ही बाजूंना गाड्या लावल्या असतील तर अग्निशमन दलाचा बंब आत येणार कुठून, हेही त्या मेसेजमध्येच लिहा.

ग्रीन फटाक्यांचं तुम्ही विचारलंत. नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने ते फॉर्म्युले तयार केलेत, धुरातले कण साधारण ३० टक्के कमी, म्हणजे धूर असतोच. पाकिटावर लोगो आणि क्यूआर कोड असतो, तो स्कॅन करून घ्या. आणि बिनआवाजाचं म्हणजे निरुपद्रवी असं धरू नका, पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनने मोजलं तेव्हा सूक्ष्म कण सगळ्यात जास्त निघाले ते नागगोळीतून! तीच आपण लहान पोरांना वाकून बघायला देतो.

फुलबाजी जरूर लावू द्या, पण सुती कपडे, पायात चप्पल आणि हात लांब. ती जळते ती साधारण हजार डिग्रीला आणि विझल्यावरही तार तापलेली असते, पोरं ती खाली टाकतात आणि दुसऱ्याचा पाय पडतो, म्हणून बाजूला पाण्याची बादली हवीच. भाजलं तर नळाच्या वाहत्या पाण्याखाली वीस मिनिटं धरा, टूथपेस्ट, हळद, बर्फ काही लावू नका. डोळ्यात काही उडालं तर न चोळता थेट डोळ्यांच्या डॉक्टरकडे. फुसका निघालेला बार वाकून बघायचा नाही, थोडं थांबून लांबूनच पाणी ओतायचं, आणि उरलेले सगळे रात्रीच भिजवून टाका, कारण सकाळी पोरं ते गोळा करून दारू काढतात.

राहिला तुमचा पहाटे चारचा सुतळी बॉम्ब. रात्री १० ते सकाळी ६ आवाजाचे फटाके लावायचे नाहीत हा देशभराचा नियम आहे, आणि हॉस्पिटल-शाळांपासून १०० मीटरच्या आत तर दिवसाही नाही. त्यात पहाटेच्या थंड हवेत धूर वर जातच नाही, खालीच साचतो, दमेकऱ्यांचे तेव्हा फार हाल होतात. उटणं लावा, कारीट फोडा, नवे कपडे घालून तलावपाळीला दिवाळी पहाट बघायला या, मीही येणार आहे. पहाटेच्या बॉम्बला मात्र माझा विरोध राहणारच.