अमरवेल हवेवर जगत नाही

अमरवेलीबद्दल एक मजकूर सध्या खूप फिरतो आहे. तिला मूळ नसतं, बी नसतं, ती हवेवर जगते, झाडाला त्रास देत नाही. म्हणून एक तुकडा आणून कुंपणावर टाका, शोभा येईल. हा शेवटचा सल्ला कुणी मानू नये म्हणून लिहिते आहे.

मूळ नसल्याची समजूत जुनी आहे. या वेलीचं एक नावच निर्मुळी. बोरीवर किंवा मेंदीवर पसरलेली पिवळी जाळी मातीपासून सुटलेली असते, तेव्हा नाव ठेवणाऱ्यांनी पाहिलं ते खरंच पाहिलं. पण ती वाढलेली वेल. बी रुजतं ते मातीतच. खाली मुळासारखा आखूड, जाडसर भाग आणि वर दोऱ्यासारखा कोंब. तो कोंब गोल फिरत आधार शोधतो. एका परदेशी जातीचा कोंब टोमॅटोच्या वासाकडे वळतो, हे २००६ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं. झाड सापडलं की विळखा घालून ती त्याच्या खोडात शोषकमुळं घुसवते. खालचा भाग सुकतो तो त्यानंतर. झाड सापडलंच नाही तर रोप थोड्याच दिवसांत मरतं. हवेवर जगता येत असतं तर ते मेलं नसतं.

त्रासाचं म्हणाल, तर तिला पानं नावापुरती आणि हरितद्रव्य नगण्य. पाणी आणि अन्न दोन्ही ती झाडाकडूनच ओढते. झाडावर नुसती बसणारी आमरी, म्हणजे ऑर्किड, वेगळी, तिची गल्लत इथे नको.

बी नसतं हे विधान मात्र सर्वांत घातक. बारीक पांढरी फुलं येतात, बोंडं धरतात. टणक कवचाचं बी मातीत वर्षानुवर्षं टिकतं, जनावराच्या पोटातून जाऊन शेणखतातूनही उगवतं. लसूणघास या चाऱ्याच्या पिकावर येणाऱ्या बारीक अमरवेलीचं बी तर घासाच्या बियाण्यात मिसळूनच शेतात शिरतं. म्हणून बियाणं खात्रीचं घ्यावं आणि चाळून पेरावं.

कुंपणावर दिसलीच, तर फुलं येण्याआधी विळखा पडलेल्या फांद्यांसकट छाटून जाळा. नुसती ओरबाडली तर खोडात राहिलेल्या अंशातून ती पुन्हा फुटते. आणि छाटलेला तुकडा दुसऱ्या झुडपावर पडू देऊ नका. घासाच्या शेतात फार माजली असेल, तर पुढचे काही हंगाम तिथे ज्वारी किंवा मका घ्या. त्यांच्यावर तिचा सहसा जम बसत नाही.