"गरज उरली नाही" म्हणणाऱ्यांनी एकदा काकूच्या घरात जाऊन यावं

आज एका बैठकीत होते. विषय ग्रामीण घरकुलं. पडद्यावर नकाशा, तालुके लाल-पिवळ्या-हिरव्या रंगात. आमचा तालुका गडद हिरवा. सादरीकरण करणारे गृहस्थ म्हणाले, "इथं आता घरांची गरज उरलेली नाही," आणि पुढच्या स्लाइडवर गेले. मला तिथं बोलता आलं नाही, राग आला की माझा आवाजच फुटत नाही. म्हणून इथं लिहितेय. लांब होणार आहे.

तो हिरवा रंग आला कुठून? सरकारच्या घरकुल यादीत जेवढी नावं होती, त्यातली बहुतेक घरं बांधून झाली. एवढंच. यादीत जे आलेच नाहीत ते त्या रंगात दिसणार कसे?

आमच्या गावच्या, बालाघाटच्या डोंगरातल्या, शेजारच्या काकूचं सांगते. घर एका खोलीचं. मातीच्या भिंती, मागची भिंत पोटासारखी पुढं आलेली. वर पत्रे, त्यावर दगड आणि जुने टायर, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून. खोलीच्या मधोमध दोरीवर एक गुलाबी साडी टाकलेली. साडीच्या अलीकडं काका-काकू, पलीकडं मुलगा आणि सून. सहा वर्षं झाली लग्नाला. मी गेले की सून साडीपलीकडूनच "ताई, बसा" म्हणते आणि भांड्यांचा आवाज करत राहते.

ही माणसं उसतोडीला जातात. दिवाळी झाली की टोळी निघते, ती उन्हाळा लागल्यावर परत. आवास प्लस, म्हणजे घरकुलाच्या आधीच्या यादीत राहिलेल्यांचं सर्वेक्षण, जानेवारी २०१८ ते मार्च २०१९ चाललं. आमच्या गल्लीत माणूस आला तो ऐन डिसेंबरात. दाराला कुलूप. शेजाऱ्यांनी सांगितलं, "कारखान्याला गेलेत." तो पुढच्या घरी गेला. झालं. टोळीच्या मुकादमाकडून आगाऊ पैशांची उचल घेतली नसती, तर काकू घरी असती आणि यादीत असती. म्हणजे गरज जास्त म्हणून बाहेर गेली, आणि बाहेर गेली म्हणून गरजूंच्या यादीतून गेली. याला मी चूक म्हणायला तयार नाही. चूक कधी इकडं होते, कधी तिकडं. ही दर वेळी त्याच घरांवर पडते, कुलूप असलेल्या.

आणि पडद्यावर हिरवा रंग!

बरं, आधीची २०११ ची सामाजिक, आर्थिक व जात जनगणना घ्या. प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण, म्हणजे हीच घरकुलाची योजना, २०१६ ला आली ती तिच्याच पायावर. पात्र कोण? बेघर किंवा दोन खोल्यांपर्यंतचं कच्चं घर असलेले, कच्चं म्हणजे भिंतीही कच्च्या आणि छप्परही कच्चं. आता पत्रा कशात मोडतो? मोजणीच्या हिशेबात पत्र्याचं छप्पर पक्कं! एप्रिलच्या दुपारी त्या पत्र्याखाली अर्धा तास बसून दाखवा आणि मग मला पक्कं म्हणून सांगा. शिवाय मोटरसायकल असली की नाव बाद, फ्रीज असला की बाद. काकूच्या मुलानं जुनी गाडी घेतली ती बायकोला दवाखान्यात न्यायला. २०२४ मध्ये दुचाकी आणि फ्रीजची अट काढली, हे बरं केलं. पण तोवर किती नावं गळून पडली?

हो, मान्य आहे, यादी नसती तर पुढाऱ्यांच्या मर्जीतल्यांनाच घरं मिळाली असती. पैसे थेट खात्यात येतात, बांधकामाचे टप्प्याटप्प्यानं फोटो लागतात, त्यानं बरीच खाबूगिरी बंद झाली. नाकारत नाही.

माझं भांडण आकड्यांशी नाहीच, मी रोज त्यांच्यातच काम करते. मला राग याचा येतो की जो आकडा काकूची साडी दाखवतो तो सरकारकडं आधीच आहे आणि कुणी उघडत नाही. जनगणनेच्या घरयादीत विचारतात की घरात राहायच्या खोल्या किती आणि विवाहित जोडपी किती. छप्पर कशाचं, भिंत कशाची, घर चांगलं, राहण्याजोगं की मोडकळीला आलेलं. २०११ चे हे तक्ते गावनिहाय टक्केवारीत खुले आहेत, कुणीही पाहावेत. एका खोलीची घरं किती आणि दोन जोडप्यांची किती हे शेजारी शेजारी ठेवून बघा, गावाच्या गरजेचा अंदाज येतो. मी आमच्या गावाचे बघितले तेव्हा पहिल्यांदा डोळ्यांपुढं आली ती गुलाबी साडीच. गावात किती दोऱ्यांवर अशा साड्या असतील!

पण योजना मोजते कुटुंब. आणि कुटुंब म्हणजे एक चूल. काकूची चूल एक, म्हणून घरही एकच, राहणारी जोडपी दोन असोत की तीन. गावात कुणीतरी काकूला सल्ला दिला, "कागदावर चूल वेगळी दाखवा." काकू म्हणाली, "खोटं कशाला सांगू? सून माझ्याच तव्यावर भाकरी करते." इतक्या सरळ बाईला खोटं बोलायची वेळ यावी, याचा मला फार त्रास होतो.

लिहिता लिहिता राग थोडा उतरला. त्या बैठकीतल्या माणसावरही तसा राग नाही, त्याला वरून आलेला तक्ता त्यानं दाखवला. पण एकदा तरी विचारायचं ना, की बंद घरं किती होती!

आता पुढचं ऐका. नव्या जनगणनेत माणसांच्या मोजणीचा संदर्भ दिवस, म्हणजे ज्या दिवसाची स्थिती धरतात तो, १ मार्च २०२७. मार्चच्या तोंडावर काकू कुठं असते? उसाच्या फडात. रात्री कारखान्याजवळच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, वर प्लास्टिकचा कागद. गावातल्या तिच्या घराला तेव्हा पुन्हा कुलूपच असणार.

ग्रामसभेचंही तेच. २६ जानेवारीच्या सभेला निम्मी वस्ती बाहेर, यादी वाचली काय आणि न वाचली काय. १ मेला माणसं घरी असतात. माझी सगळ्या गाववाल्या मित्रमैत्रिणींना हात जोडून विनंती आहे. त्या सभेत घरकुलाची यादी मोठ्यानं वाचायला लावा. ती संकेतस्थळावर गावानुसार मिळते, छापून न्या. प्रत्येक गल्लीत कुलूप कुठं होतं हे लोकांना तोंडपाठ असतं. राहिलेली नावं तिथंच ठरावात लिहून घ्या. आणि सभेची वेळ संध्याकाळची ठेवा, बायका येतील.

आत्ता काकूला फोन केला होता. परवाच टोळीवरून आलेत, पाठ धरलीय म्हणाली. सभेचं सांगितलं. "मुकादमाचा हिशेब त्याच दिवशी हाय," म्हणाली, जरा थांबली. मग म्हणाली, "येते की. सूनबाईलाच आणते. पडद्यामागं ती ऱ्हाती, तिलाच बोलू दे."