अखाजीला भरीत कुठलं?

भाऊ,

तुमची प्रतिक्रिया तीनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा हसू आलं, तिसऱ्यांदा उठून कपाटातले जुने पासपोर्ट काढले. बाकीच्यांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. माझ्या आठवणींची मालिका म्हणजे विमानतळांची यादी आहे. नवऱ्याच्या नोकरीमागे देश हिंडणं याला काही अनुभव म्हणत नाहीत, आत्मचरित्र लिहावं ते एका मातीत राहिलेल्या माणसानं. कुवेतमधले इतक्या वर्षांपूर्वीचे संवाद शब्दशः देणं ही शुद्ध थाप. आणि शेवटी जाता जाता, "अखाजीला भरिताची वांगी कुठून आणली ताई?"

वांग्यांपासूनच सुरुवात करते, कारण तिथे तुम्ही मला पकडलंय.

पहिल्या भागात मी लिहिलं होतं की मे १९८६ मध्ये, ऐन अखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या दिवशी, मी कुवेतला जायला खानदेशातल्या यावलहून निघाले. मागच्या अंगणात आई पऱ्हाट्यांवर, कापसाच्या वाळल्या काड्यांवर, वांगी भाजत होती, लाकडी बडजीत भरीत ठेचल्याचा आवाज येत होता, आणि धुरानं की कशानं डोळ्यांत पाणी आलं. वाचकांना हा परिच्छेद फार आवडला. तो चूक आहे. भरिताची वांगी थंडीतली. वैशाखात आपल्याकडे खापराची पुरणपोळी आणि आमरस. त्या दिवशी भरिताचं नाव कोण काढील? पासपोर्टात दोन शिक्के आहेत, एक मे १९८६ चा, दुसरा डिसेंबर १९८८ चा. धाकटीच्या वेळी बाळंतपणाला माहेरी आले होते, ती डिसेंबरात परत गेले. भरीत तेव्हाचं.

हे कसं झालं ते मलाही आता कुठे कळतंय. परदेशात आमच्याकडे जेवायला कोणी आलं की भरीत वाढता वाढता मी ही निघतानाची गोष्ट सांगायची. कुवेतला सांगितली, नायजेरियात पोर्ट हारकोर्टला सांगितली, मलेशियात मिरी गावी सांगितली, हेगला तर दिवाळीच्या फराळावर सांगितली. दर खेपेला ती जरा गुळगुळीत होत गेली. अखाजी म्हणजे लेकींनी माहेरी यायचा सण, आणि मी त्याच दिवशी निघाले, हे ऐकायला जास्त लागायचं. म्हणून वांगी तिकडे सरकली असणार. मुद्दाम केलं नाही, पण अडवणारंही कोणी नव्हतं. यावलमध्येच राहून हे सांगितलं असतं तर दुसऱ्या खेपेला शेजारच्या काकूंनी ओट्यावरून टोकलं असतं. मला चार शहरांत चार नवे श्रोते मिळाले, आणि त्यांतल्या कुणाला वांग्यांचा हंगाम ठाऊक असायचं कारण नव्हतं.

संवादांचं मात्र उलट आहे. २ ऑगस्ट १९९० ला इराकी सैन्य कुवेतमध्ये शिरलं, तेव्हा माझी अरबी चाळीस-पन्नास शब्दांची होती. त्या आठवड्यात बेकरीच्या रांगेत तासभर उभी राहिले. माझा नंबर आला तेव्हा बेकरीवाला म्हणाला, "खुब्ज मा फी." पाव नाही. संपला संवाद, आणि मी लिहिलाय तोही तेवढाच. तुटपुंज्या भाषेत ऐकलेलं वाक्य घरी येईपर्यंत तोंडात घोळवत आणावं लागतं, नाहीतर अर्थ लागत नाही. मग ते जाता जात नाही. निघताना आई काय म्हणाली ते मी कुठेच लिहिलेलं नाही, हे तुमच्या ध्यानात आलं का? ती दिवसभर बोलायची. त्यातलं एकही वाक्य मला जसंच्या तसं आठवत नाही.

बाकी तपशील खर्चाच्या वहीतून आले. तेव्हा सुमारे १ लाख ७० हजार भारतीय, बहुतेक अम्मानमार्गे, विमानांनी मायदेशी आले. त्या आकड्यात आम्ही चौघं आहोत. अम्मानच्या दिवशी वहीत "पाणी, २ बाटल्या" एवढंच आहे. पुढे किंमत नाही. माझ्या वहीत किंमत न लिहिलेली तेवढी एकच ओळ.

आता नवऱ्यामागे हिंडण्याचं. रमाबाई रानडेही नवऱ्याच्या बदल्यांमागेच फिरल्या. १८७९ मध्ये, वासुदेव बळवंत फडक्यांच्या बंडाच्या धामधुमीत सरकारला न्यायमूर्तींचा संशय आला आणि त्यांची बदली आपल्या धुळ्याला झाली. तिथे त्यांची पत्रं फोडून वाचली जायची. सतरा-अठरा वर्षांच्या बाईनं हे घरातून पाहिलं आणि पुढे आठवणींत लिहिलं. धुळ्यातच जन्म काढलेल्या कुणाला ते धुळं दिसलं असतं का? आणि एका मातीचं म्हणाल तर धर्मानंद कोसंबी बायको आणि तान्ही मुलगी मागे ठेवून गोव्यातून निघाले. काशीत अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले, मग नेपाळ, सिंहल, ब्रह्मदेश, आणि १९१० मध्ये थेट अमेरिकेत हार्वर्डला. त्यांचं 'निवेदन' हे आत्मचरित्र वाचा. त्यात स्थळवर्णनापेक्षा पुढच्या भाड्याचे पैसे कुठून आणायचे याचीच काळजी जास्त आहे, आणि म्हणूनच ते खरं वाटतं. तसं लिहिणं मला साधलं नाही, हा तुमचा आक्षेप असेल तर मान्य.

मिरीबद्दलही मान्य. तीन वर्षं राहिले आणि दीड पानात उरकलं. तिथे काही दुखलं नाही, तर लिहायचं काय असं वाटलं असावं. तो भाग यादीच आहे.

तुमची प्रतिक्रिया आल्यावर यावलला मोठ्या वहिनीला फोन लावला. विचारलं, मी पहिल्यांदा निघाले त्या अखाजीला आई काय करत होती? वहिनी म्हणाली, आई पोळ्याच करत होत्या, त्यांना मान वर करायला फुरसत नव्हती. मग हसली. "आन तू त झोक्यावर व्हती. यष्टीची येय झाली तरी खाली उतरे ना."

वांगी डिसेंबरात हलवली आहेत, उद्या दुरुस्त भाग टाकते. झोक्याचं काय करू ते ठरलेलं नाही. मला तो आठवतच नाही.