1969 मध्ये ख्रिस्तोफरचं संतपद काढलं म्हणे!

तो मेसेज परत फिरायला लागलाय. म्हणे 1969 मध्ये पोपने ख्रिस्तोफर, व्हॅलेंटाईन, बार्बरा, कॅथरीन, जॉर्ज, निकोलस यांचं संतपद रद्द केलं, कारण ही माणसं कधी नव्हतीच, म्हणून त्यांच्याकडे प्रार्थना करणं चूक. रोज त्या दिवसाच्या संताचं चरित्र वाचून मनन करणारी चांगली माणसंही हे वाचून गडबडतात, म्हणून लिहितोय.

पहिलं म्हणजे "संतपद रद्द". असं काही झालंच नाही. पोप सहावे पॉल यांनी 14 फेब्रुवारी 1969 ला (हो, नेमकं व्हॅलेंटाईनच्याच दिवशी) जे पत्रक काढलं ते कॅलेंडरबद्दल होतं, जगभरच्या चर्चने मिस्सामध्ये (चर्चमधल्या मुख्य उपासनेत) कोणाचा स्मरणदिन पाळायचा एवढंच त्यात ठरलं. संतांची नोंद असते रोमन मार्टिरॉलॉजीमध्ये, म्हणजे चर्चच्या संतांच्या अधिकृत यादीत, तिथे आजही 25 जुलैला ख्रिस्तोफर आहेत आणि 14 फेब्रुवारीला व्हॅलेंटाईन. आणि गंमत बघा, पोपने रीतसर संत जाहीर केल्याची पहिली पक्की नोंद 993 सालची आहे, आउग्सबुर्गच्या उलरिखची. ख्रिस्तोफर त्याच्या कितीतरी आधीचे, त्यांना लोकांच्या भक्तीनेच संत मानलं, मग रद्द करायला कागद आणायचा कुठून?

जॉर्ज आणि निकोलस तर कॅलेंडरमधूनही गेले नाहीत राव. 23 एप्रिल आणि 6 डिसेंबर, दोन्ही ऐच्छिक स्मरणदिन आहेत. कॅथरीनचं नाव 1969 ला निघालं होतं खरं, पण 2002 ला 25 नोव्हेंबरला परत आलं. हे मेसेजवाला सांगत नाही.

आता "कधी नव्हतेच". इथे थोडं खरं आहे. बार्बराच्या कथेला इतिहासाचा आधार फार कमी, आणि ख्रिस्तोफर बाळ येशूला खांद्यावर घेऊन नदी पार करतात ती गोष्ट मध्ययुगातली, त्यांच्या काळानंतर शेकडो वर्षांनी आलेली. पण गोष्ट उशिरा जोडली गेली म्हणजे हुतात्माच खोटा, असं नाही होत. ख्रिस्तोफर यांचा सण का हलवला याचं कारणही साधं होतं, तो रोमच्या जुन्या परंपरेतला नव्हता, सोळाव्या शतकात आलेला, म्हणून स्थानिक चर्चवर सोडला.

मुळात कॅलेंडर गच्च भरलं होतं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (जगभरच्या बिशपांच्या सभेने) 1963 मध्येच म्हटलं होतं की संतांच्या सणांनी प्रभूच्या सणांना झाकू नये आणि सगळ्या जगासाठी तेच ठेवा जे सगळ्या जगाला महत्त्वाचे आहेत. म्हणून काही जुनी नावं निघाली आणि कॅलेंडरमध्ये जपानचे पॉल मिकी आणि सोबती आले (1597 ला नागासाकीत क्रुसावर गेलेले 26 जण, त्यात वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया पण आहेत), युगांडाचे चार्ल्स लुआंगा आणि सोबती आले. प्रेषित थॉमस तर 21 डिसेंबरवरून 3 जुलैला गेले, त्यांचं पण संतपद गेलं का मग?

राहिली प्रार्थना. ती कोणी बंद केलेली नाही. फिलोमेना (हुतात्मा मानली गेलेली आणखी एक संत) वेगळी केस, तिचा सण 1961 मध्ये सगळ्या कॅलेंडरांतून काढला गेला, पण खाजगी भक्तीला तिथेही बंदी नव्हती. 25 जुलैच्या मिस्सात सण प्रेषित याकोबचा असतो, त्या दिवशी घरी ख्रिस्तोफरवर मनन करायचं असेल तर खुशाल करा.