दोष काचेचा नाही, फोकसचा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या फोटोग्राफरांच्या व्हॉट्सॲप गटांत एक मजकूर फिरतोय. शेजारी शेजारी दोन चेहरे, एक नव्या ८५ मिमी लेन्सने टिपलेला, दुसरा हेलिओस ४४-२ या जुन्या रशियन लेन्सने. खाली लिहिलंय, 'फिल्मच्या काळातली काच २४ मेगापिक्सेलला पुरी पडत नाही. निकॉनच्या डीएसएलआरवर ॲडॉप्टर लावून एफ २ ला बघितलं, सगळं मऊ. विकून मोकळे व्हा.' (ॲडॉप्टर म्हणजे एका जातीची लेन्स दुसऱ्या जातीच्या कॅमेऱ्यावर बसवणारा जोड. एफ २ म्हणजे हेलिओसचं ॲपर्चर, उजेड आत येण्याचं छिद्र, पूर्ण उघडं; आकडा वाढला की छिद्र लहान.) हे वाचून शहापुरातल्या एका पोराने वडिलांच्या बंद स्टुडिओतली १०५ मिमी निकॉर, निकॉनची जुनी लेन्स, मातीमोल भावाने दिली. ते कळल्यापासून मला चैन नाही.

'फिल्मची काच' या मुद्द्यापासून सुरुवात करू. १०५ मिमी एफ २.५ निकॉर १९५४ पासूनची. १९७१ मध्ये तिची आतली रचना बदलली. माझ्याकडची त्या नंतरच्या रचनेची आहे. येळ्ळूरला सुगीत एका आजींचा चेहरा मी तिने एफ ४ ला टिपला, २४ मेगापिक्सेलवरच. भुवईचा पांढरा केस न् केस सुटा आलाय, आणि बुबुळात वाकलेला मी, माझ्यामागे भाताची गंजी. आणखी किती शार्प हवं?

आता ॲडॉप्टर. खरी गोम इथे आहे, आणि मजकुरात तिचा उल्लेखही नाही. हेलिओस एम ४२ आट्यांची, म्हणजे ४२ मिमी व्यासाच्या आट्यांवर फिरवून बसवायची. तिला सेन्सरपासून ४५.४६ मिमी अंतर लागतं, निकॉनच्या एफ माउंटचं, म्हणजे कॅमेऱ्यावर लेन्स बसते त्या कड्याचं, अंतर ४६.५. म्हणजे लेन्स मिलिमीटरभर पुढेच राहते आणि लांबचा फोकस लागत नाही. तो लागावा म्हणून स्वस्त ॲडॉप्टरमध्ये एक जादा भिंग बसवलेलं असतं, आणि चित्र मऊ करणारं बहुतेक वेळा तेच. कॅननच्या डीएसएलआरला अंतर ४४, आत आरसा नसलेल्या मिररलेस कॅमेऱ्यांना त्याहून बरंच कमी. तिथे ॲडॉप्टर म्हणजे नुसतं धातूचं कडं. तुमच्या ॲडॉप्टरमध्ये काच आहे का, आधी बघा.

मग फोकस. फुल फ्रेमवर (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरवर) ८५ मिमी, एफ २, दीड मीटरवर माणूस: शार्प पट्टा जेमतेम साडेतीन सेंटीमीटर. आजच्या डीएसएलआरच्या व्ह्यूफाइंडरमध्ये जुन्या कॅमेऱ्यासारखी, फोकस लागला की जुळणारी दुभंगलेली प्रतिमा नसते, आणि त्याचा पडदा एफ २ चा उथळपणा नीट दाखवतही नाही. डोळ्यावर लावलेला फोकस कानाच्या पाळीवर जातो अन् आपल्याला पत्ता नसतो. त्या व्हायरल फोटोत उजवीकडचा, हेलिओसचा चेहरा मोठा करून बघा. डोळा मऊ आहे, कानातल्या बाळीची कड मात्र लख्ख. मऊ लेन्स बाळी तेवढी शार्प कशी देईल? कॅमेरा ट्रायपॉडवर, लाइव्ह व्ह्यू (मागच्या स्क्रीनवरचं थेट चित्र) दहापट मोठा, रिंग सावकाश फिरवायची. आणि ज्या ॲपर्चरला फोटो काढायचा त्यालाच फोकस लावायचा, कारण जुन्या रशियन ज्युपिटर-९ सारख्या काही लेन्समध्ये ॲपर्चर लहान केलं की फोकस सरकतो.

एफ २ ला हेलिओस मऊ येते, हे मात्र खरं. उजेडाच्या कडांवर धूसर झाक येते, कॉन्ट्रास्ट पडतो. समोरून ऊन आलं की सगळं पांढुरकं. तिथे नवी लेन्स सरस आहे, वाद नाही. पण एफ ५.६ ला दोन्हींचे १२ बाय १८ चे प्रिंट मी टेबलावर ठेवले, तेव्हा माझे मलाच ओळखता आले नाहीत.

बुरशीचं म्हणाल तर आपल्याकडच्या, त्यातही खानापूरकडच्या पावसात ती नव्या लेन्सलाही सोडत नाही. टॉर्च लावून काचेतून बघा. आत जाळं किंवा धुरकटपणा दिसला तर आधी साफ करून घ्या, तुलना मग.

ज्यांनी तो मजकूर लिहिला त्यांनी काच नसलेल्या ॲडॉप्टरवर, ट्रायपॉड लावून, तोच चेहरा एफ ४ ला पुन्हा काढावा आणि दोन्ही फोटो त्याच गटात टाकावेत. कॅननची बॉडी नसेल तर माझी घेऊन जा.