व्हाइट पाइन पिवळा पडला म्हणजे मेला, असं नाही

व्हाइट पाइन म्हणजे सुईसारख्या पानांचं एक झाड. त्याबद्दल अमेरिकेच्या ईशान्य भागातल्या मराठी मंडळींत निरोप फिरतोय: ‘ऑक्टोबरात व्हाइट पाइन पिवळा पडला की तो मरतोय, लगेच खत घाला.’ हे चूक आहे. फांदी हातात धरून पाहा. टोकाकडच्या 5-5 सुयांच्या जुड्या हिरव्या आणि फक्त खोडाकडच्या जुन्या पिवळ्या असतील, तर ती दरवर्षीची पानगळ. खत नकोच.

टोकाच्या सुया तपकिरी झाल्या तर मात्र हयगय नको. रस्त्याकडेला बहुधा हिवाळ्यात टाकलेलं मीठ बाधतं. पाणी धरणाऱ्या चिकणमातीतही झाड खंगतं. लावतानाच निचऱ्याची जागा निवडा. खड्डा मुळांच्या गोळ्याच्या 2-3 पट रुंद, खोली मात्र गोळ्याएवढीच. बुंधा गाडला की मुळं गुदमरतात. रुजल्यावर वर्षाला 2-3 फूट सहज वाढतो.