करंगळीला नोकरी लागते

जन्मभर माझी करंगळी सुखात होती. शाळेत असताना वर्गाबाहेर जायची परवानगी काढणं आणि पुढे कान खाजवणं, एवढंच तिचं काम. मग ऑफिसात बढतीसाठी मराठी टायपिंगचं सर्टिफिकेट मागितलं, मिनिटाला ३० शब्दांचं. दादरला क्लास लावला आणि त्या बिचारीचे हाल सुरू झाले.

मॅडमनी आल्या आल्या माझ्या हातांवर रुमाल टाकला. "काका, बघून काय, कोणीही मारतं!" एफ आणि जे या बटणांवर बारीक उंचवटे असतात. दोन्ही तर्जन्या तिथे टेकवायच्या, बाकीच्या बोटांनी ओळीनं शेजारी बसायचं. (कोपऱ्यात गोदरेजचा जुना टाइपरायटर आहे. भारतीय बनावटीचा पहिला टाइपरायटर १९५५ साली त्यांनीच काढला. सध्या त्यावर मॅडमची पर्स असते.)

क्लासात शिकवतात त्या 'इन्स्क्रिप्ट' या मराठी कीबोर्डमध्ये मात्रा डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजनं उजव्या. सुरुवातीला फक्त मधली ओळ. तेवढ्यात काय लिहिता येतं? किरकिर. कुरकुर. कटकट. १९८६ साली ज्या समितीनं हा कीबोर्ड ठरवला, तिच्यातल्या कुणाच्या तरी घरी आमच्यासारखंच वातावरण असणार.

उजव्या करंगळीकडे च, ज, ट, ड, य. शिवाय एंटर. शिवाय बॅकस्पेस, आणि माझ्या बाबतीत तेच मुख्य खातं. ख, घ, थ, ठ आले की डाव्या करंगळीनं शिफ्ट दाबून धरायचं. 'छळ' लिहिताना तर दोन्ही अक्षरांना शिफ्ट! अनामिकेचं वेगळंच. तिला एकटीला उचल म्हटलं की करंगळीही सोबत उठते. मुलगी बघायला जाताना मावशी निघते तशी. आणि 'कि' काढताना आधी क, मग वेलांटी. हाताला सवय उलटी, त्यामुळे वेलांटी भलत्याच अक्षराच्या गळ्यात पडते.

"घरी सराव करा," मॅडम म्हणतात. घरी कॉम्प्युटर मुलाच्या ताब्यात. म्हणून मी लोकलमध्ये, चौथ्या सीटवर अर्धा टेकून, मांडीवरच्या बॅगेवर डोळे मिटून बोटं चालवतो. ओठ हलतातच : प, र, क, त, च.

परवा समोरच्या आजींनी बराच वेळ बघून हात जोडले. "रोज करता वाटतं? किती होतो?"

"मिनिटाला अकरा."

"अकराच?" आजी म्हणाल्या. "मन लागत नसेल."